रस आणि बळ : पुराणकथा पत्त्यांवर उतरते तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नातू आणि धाकटी नात आमच्याकडे बेळगावास आली होती. दुपारी उन्हात बाहेर पडायला मनाई, म्हणून नातवाने जुन्या लग्नपत्रिका कापून स्वतःचे पत्ते तयार करण्याचा उद्योग मांडला. प्रत्येक पानावर रामायण-महाभारतातील एक व्यक्ती, तिचे चित्र आणि खाली बळाचा आकडा. दोघांनी एकेक पान टाकायचे, मोठा आकडा त्याचा हात. हनुमंताला त्याने शंभर गुण दिले, कर्णाला नव्वद, शूर्पणखेला वीस. दोन डाव झाले आणि तिसऱ्याला धाकटी उठून गेली. “मारुती ज्याच्याकडे जातो तोच जिंकतो, मग खेळायचं कशाला?” हा तिचा सवाल. नातवाची अडचणही खोटी नव्हती. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “आबा, मारुतीचे गुण कमी करू का? पण मग तो मारुती कसला?”

महसूल खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही नियम पुढे आला की त्याचा हेतू काय, हे पाहण्याआधी त्याचा फायदा कोण कसा उठवील, हे तो पाहतो. त्या खोडीमुळे असेल, मुलांचा हा तंटा मला पोरकट वाटला नाही. पुराणातील व्यक्ती खेळाच्या पानावर आणू पाहणाऱ्या प्रत्येक कारागिरापुढे हाच पेच उभा राहतो. पान हाती घेताच मूळ कथा आठवली पाहिजे, तिचा रस जिभेवर आला पाहिजे. आणि त्याच वेळी डावात कोणाही एका पानाचे बळ इतके होता कामा नये की बाकीची पाने निरर्थक ठरावीत. रस राखावा तर तोल जातो, तोल राखावा तर मारुतीचा कोणी तरी सामान्य वानर होतो. हा पेच आपल्याकडे पूर्वी कसा सोडवला गेला आणि अलीकडे पश्चिमेत कसा सोडवला जात आहे, हे थोडे ताडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील पत्त्यांचा लिखित मागोवा मोगलांपर्यंत नीट लागतो. बाबराने आपल्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचे लिहिले आहे. पुढे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या खेळाचे वर्णन दिले. त्या रंगांची नावे वाचण्यासारखी आहेत. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी सुरुवात होते आणि पुढे सुरपती, म्हणजे देवांचा राजा इंद्र, येतो. शेजारीच जिनांचा अधिपती म्हणून दाऊदपुत्र सुलेमान बसलेला आहे, आणि शेवटी वनाचा व सर्पांचा राजा. दोन परंपरांतील दोन राजे एकाच पेटीत गुण्यागोविंदाने नांदत होते. याच वर्णनात दोन शब्द भेटतात : बीशबर आणि कमबर. पहिले सहा रंग बलवान, नंतरचे सहा दुर्बल. आजचे खेळ रचणारे ज्याला बळाचा तोल म्हणतात, त्याची चिंता चारशे वर्षांपूर्वीही होती, हे यावरून दिसते.

या गंजिफांना वैष्णव रूप मिळाले ते दशावतारी गंजिफांत. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पाने, एकूण एकशेवीस. पाने गोल. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन, रंग भरून वर लाखेचा हात दिलेला. मत्स्यावताराच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू मोजून काढलेले. आपल्या भागात हे काम सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी केले. ओडिशात, बंगालमधील विष्णुपुरात आणि म्हैसुरातही त्या त्या मातीच्या गंजिफा होत्या.

माझे आजोळ सावंतवाडीचे. १९६६-६७ च्या सुमाराची आठवण आहे. पावसाळ्यात आजोबा, त्यांचे एक चुलतभाऊ आणि शेजारचे एक भटजी असे तिघे पडवीत गंजिफा खेळत. सरकत्या झाकणाची लाल पेटी, आत लाखेचा मंद वास. आम्हा मुलांना हात लावायची बंदी. तिघांत एकशेवीस पाने वाटली म्हणजे प्रत्येकाला चाळीस, आणि ती गोल पाने पंख्यासारखी धरण्यातच निम्मे कौशल्य. दिवसा खेळ असला की उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, आणि दिवेलागण झाल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. मला त्या वयात हा नियम अगदी योग्य वाटे. सूर्यवंशातला राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला चंद्रवंशीय कृष्ण रात्रीचा. यात समजावून सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नसे.

आता खेळाच्या रचनेकडे पाहू. या खेळात हुकमाचा रंग नसतो. मत्स्याचा राजा मत्स्याच्या प्रधानाला मारतो, पण रामाचे पान मत्स्याच्या पानाला मारत नाही. दहा अवतारांत कोणीही दुसऱ्यावर चढ नाही. प्रत्येक रंगात राजा पहिला आणि प्रधान दुसरा, हे ठरलेले; पुढे मात्र गंमत आहे. अवतारांचे दोन गट पडतात, पहिले पाच आणि पुढचे पाच. एका गटात प्रधानानंतर दहाचे पान मोठे आणि एक्का सर्वांत लहान. दुसऱ्या गटात क्रम उलटा, म्हणजे प्रधानानंतर एक्का आणि दहा सर्वांत खाली. एका रंगात जे पान टाकाऊ, तेच दुसऱ्या रंगात मौल्यवान. त्यामुळे हातात नुसते मोठे आकडे आले म्हणून कोणी माजू शकत नाही. शिवाय एखाद्या रंगातील वरची पाने पडून गेली की उरलेल्यांत जे वरचे, तेच हुकमी होते. म्हणजे कालचे पोर आज राजाच्या जागी बसते. कोणती पाने गेली आणि कोणती राहिली हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकतो. आजोबांचे चुलतभाऊ कमी बोलत, पण शंभरावे पान पडेपर्यंत त्यांना सगळे पाठ असे आणि शेवटची पाने ते न पाहता सांगत.

जुन्या कारागिरांनी आमच्या नातवाचा पेच कसा सोडवला, हे आता लक्षात येईल. त्यांनी रस आणि बळ यांची घरेच वेगळी केली. रस चित्रात ठेवला, रंगांच्या नावांत ठेवला आणि उतारीच्या त्या एका नियमात ठेवला. उतारीने डाव सुरू होतो, पण ती मिळाली म्हणून कोणी डाव जिंकत नाही. रामाला मान दिला, सत्ता दिली नाही. बळ मात्र सगळे आकड्यांत आणि आठवणीत. कोणता अवतार श्रेष्ठ, हा प्रश्न पटावर येऊच दिला नाही. तो आला असता तर कीर्तनकारांचे वाद पडवीत सुरू झाले असते. ओडिशातील रामायण-गंजिफांत तर रामाच्या पक्षाचे रंग आणि रावणाच्या पक्षाचे रंग असे दोन्ही आढळतात. तेथे राम नेहमीच जिंकणार असे ठरवले असते तर खेळ उरला नसता, पारायण झाले असते.

येथवर वाचून, जुने ते सोने असे म्हणायचा मोह वाचकांना होईल. मलाही झाला होता. पण या तोडग्याची किंमतही पाहिली पाहिजे. रस जर फक्त चित्रात असेल तर चित्र काढून घेतले तरी खेळ तसाच चालतो. मोगली आठ रंगांच्या गंजिफांत अवतार नाहीत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश असे रंग आहेत. खेळ जवळपास तोच, आणि तेथेही दिवसाची व रात्रीची उतारी आहे. सूर्यासारखे सुर्ख नाणे दिवसाचे, चंद्रासारखे सफेद रात्रीचे. म्हणजे माझ्या बालमनाला अगदी अंगभूत वाटलेला तो राम-कृष्णांचा नियम जुन्या चौकटीवर बसवलेला होता. बसवणाऱ्याची समज मोठी, यात शंका नाही. पण कथा येथे खेळाच्या अंगात भिनलेली नव्हती, अंगावर पांघरलेली होती. दरबारी कलमाच्या उंची गंजिफांत रामाच्या दागिन्यांची घडण दिसे. बाजारी कलमात चारदोन फटकाऱ्यांत काम भागे, आणि खेळणाऱ्याचे काही अडत नसे.

याच्या उलट टोक म्हैसुरात सापडते. तिसरे कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) हे मोठे रसिक आणि खेळांचे शौकीन. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या प्रचंड ग्रंथातील ‘कौतुकनिधी’ या भागात त्यांनी पत्त्यांचे कितीतरी नवे प्रकार रचून ठेवले आहेत. त्यांतील पानांची संख्या छत्तीसपासून तीनशेसाठपर्यंत जाते. देवता, ग्रह, पांडव, सगळे त्यात आले. रसाच्या दृष्टीने अशी समृद्धी दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण तीनशेसाठ पानांचा जोड वाटायला जागा किती लागेल आणि तो ध्यानात ठेवायला माणूस कसा लागेल, याचा विचार केला की हे खेळ राजवाड्याच्या भिंतीबाहेर का फोफावले नाहीत, याचे आश्चर्य वाटत नाही.

सावंतवाडीच्या खेळाला मारले ते निराळ्याच गोष्टीने. एकोणिसाव्या शतकात युरोपातून बावन्न पानांचे छापील जोड येऊ लागले. ते स्वस्त होते, खिशात मावत होते आणि कोणत्याही चितारीवाचून मिळत होते. एकशेवीस हातरंगी पानांचा त्यांच्यापुढे निभाव लागला नाही. अवतारांची कथा खेळाच्या नियमांत खोल गुंतलेली असती तर लोकांनी खेळ इतक्या सहज सोडला असता का, हा प्रश्न मला अलीकडे सारखा पडतो.

आता समुद्रापलीकडे जाऊ. १९९३ साली अमेरिकेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ निघाला. रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. या खेळाने पत्त्यांची कल्पनाच पालटली. येथे सर्वांचा मिळून एक जोड नाही. प्रत्येक खेळाडू बंद पाकिटे विकत घेतो, मित्रांशी पानांची अदलाबदल करतो आणि आपला जोड स्वतः बांधतो. प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला. पान मांडायला ‘माना’ नावाचे मोल मोजावे लागते आणि ते भूमीच्या पानांतून हळूहळू मिळते. बलवान पान महाग, दुबळे स्वस्त. तोल सांभाळायची ही पहिली युक्ती.

त्याच वर्षी आलेला या खेळाचा पहिला विस्तार ‘अरेबियन नाइट्स’वर बेतलेला होता. त्यात ‘शहरजाद’ नावाचे एक पान आहे. ते टाकले की चालू डाव थांबवायचा, उरलेल्या पानांनी आत दुसरा डाव खेळायचा आणि जो तो जिंकणार नाही त्याचे बाहेरच्या डावातील निम्मे आयुष्य वजा करायचे. गोष्टीत गोष्ट सांगून मरण पुढे ढकलणाऱ्या राणीला याहून नेमका नियम सुचणे कठीण. येथे चित्र झाकले तरी नियम वाचून शहरजाद ओळखू येते. पण या पानाने डाव इतके लांबू लागले की मान्यताप्राप्त स्पर्धांतून ते बाद करावे लागले. रस पूर्ण, पण खेळ अडला.

पुढे २०१३ साली ग्रीक पुराणांच्या धर्तीवर ‘थेरोस’ हा संच आला. त्यातील एक लाकडी घोडा पाहण्यासारखा आहे. तुम्ही तो मांडता आणि लगेच तो प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. त्याच्या दर पाळीला त्याच्याच विरुद्ध एकेक सैनिक घोड्यातून बाहेर पडतो. ट्रॉयची सबंध कथा दोन ओळींच्या नियमात आली. हे पान काही फार बलवान नाही, स्पर्धा जिंकणारे त्याच्या वाटेला जात नाहीत. पण ज्याने एकदा ते टाकले तो विसरत नाही. रसाला बळाची गरज असतेच असे नाही, हे या घोड्याने दाखवले.

मात्र २०२० साली त्याच ग्रीक जगाच्या दुसऱ्या संचात उलटे घडले. पाताळात डांबलेले टायटन निसटून वर येतात, या कल्पनेवर ‘उरो’ नावाचे पान रचले होते. पहिल्यांदा मांडले की ते टिकत नाही, त्याग करावे लागते. पण टाकलेल्या पानांच्या ढिगाऱ्यातून, इतर पाने कायमची गमावून, ते पुन्हा उठते. कथा आणि नियम अगदी एकजीव. पण ते येताच आयुष्य वाढवी, नवे पान देई आणि शिवाय स्वतः बलाढ्य. ज्याच्याकडे उरो नाही त्याला खेळणे अवघड झाले. वर्ष संपण्याआधीच मुख्य स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये आणखी काही प्रकारांत. आमच्या धाकटीने जो निकाल उठून जाऊन दिला, तोच तेथे समितीने दिला.

या खेळात एक गोष्ट मला खटकते. बंद पाकिटात कोणते पान निघेल हे नशिबावर असते आणि दुर्मिळ पानाला बाजारात भाव येतो. २००८ साली दुर्मिळाच्याही वरची एक श्रेणी काढली गेली आणि तिचे नाव ठेवले ‘मिथिक’, म्हणजे पुराणकथेतील. पुराण हा शब्द किमतीच्या पायरीला लागला. गंजिफांत पेटी एकाची असली तरी पाने वाटली की राम आज तुमच्या हाती, पुढच्या डावात माझ्या. रामाला कोणी विकत घेऊन ठेवू शकत नव्हते. ही जुन्या खेळाची बाजू मला आजही मोठी वाटते.

तरीही नव्या रचनाकारांनी एक गोष्ट दाखवली, ती नाकारता येत नाही. कथा नियमात उतरवता येते. आणि मला वाटते, याला आपली पुराणे ग्रीकांइतकीच, कदाचित अधिकच, अनुकूल आहेत. आपल्या कथांत बळ कधीच मोकळे येत नाही. त्याच्यासोबत वर, शाप किंवा अट येते. हिरण्यकशिपूला ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री मरण. पण उंबरठा आणि संध्याकाळ उरतेच. कर्णाची अस्त्रविद्या परशुरामाच्या शापाने नेमक्या वेळी विसरते. आणि खुद्द मारुती? लहानपणी ऋषींना त्रास दिल्यामुळे त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडला होता. समुद्रकाठी सारे वानर हताश बसले असता जांबवंताने त्याला त्याची आठवण करून दिली, तेव्हा तो उडाला. म्हणजे मारुतीच्या बळाला आवर घालणारा नियम बाहेरून आणायला नको, तो कथेतच आहे. आकडा कमी करणे हा आमच्या नातवाचा उपाय रस घालवणारा होता. अट घालणे हा पुराणाचा उपाय रस वाढवणारा आहे.

मी त्याला एवढेच सांगितले की जांबवंताचे पान कर. थोडा वेळ विचार करून त्याने नियम लिहिला : जांबवंत आधी पडलेला नसेल तर मारुतीचे बळ दहा, पडलेला असेल तर शंभर. धाकटी परत खेळायला बसली. तिसऱ्याच डावात तिने जांबवंत हातात दाबून ठेवला आणि भावाचा मारुती दहावर अडकवला. भाऊ चिडला, पण नियम त्यानेच लिहिला होता.

संध्याकाळी मी कपाटातून आजोळची लाल पेटी काढली. मामांनी ती मला दिली त्याला वीस वर्षे होऊन गेली. पाने मोजली तर एकशेसतरा भरली. वामनाची दोन आणि कल्कीचे एक नाही. मुलांनी चित्रे डोळे भरून पाहिली आणि साहजिकच विचारले, “कसं खेळायचं?” वर लिहिले तेवढे मी सांगितले. पण पडवीत तिघे जण उतारीनंतर ज्या झटपट खाणाखुणांनी, ज्या उपनियमांनी खेळत, ते मला सांगता आले नाहीत. हात लावायची बंदी मी जरा जास्तच पाळली होती.

सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफांची कला पुन्हा उभी केली आणि आजही तेथे पाने रंगवली जातात, हे मोठेच काम झाले. १९३३ साली जर्मनीहून मुंबईस आलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी जन्मभर गंजिफा जमवून त्यांवर लिहिले, त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांत त्यांना जागा मिळाली. चित्रे वाचली. पण काचेच्या पेटीतला राम उतारी करीत नाही. आपल्या वाचकांपैकी बेळगाव, गोवे, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबादेत ज्यांच्या घरी गंजिफांचे जोड असतील, त्यांनी ते जपावेतच. पण घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल आणि त्यांना हा डाव खेळल्याचे आठवत असेल, तर आधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि नियम उतरवून घ्यावेत. रंग पुन्हा भरता येतो. विसरलेला नियम कोणाला विचारणार?

नातवंडे परत गेली. लग्नपत्रिकांच्या पत्त्यांचा जोड त्यांनी येथेच ठेवला आहे, पुढच्या सुटीसाठी. त्यात आता सत्तेचाळीस पाने आहेत. घटोत्कचाचे बळ रात्री किती आणि दिवसा किती, यावर फोनवरून वाद चालू आहे.